राजा आहे, पण हुकूम चालत नाही

मित्रहो, तुमच्यापैकी बरेच जण गेम डिझाइन शिकत आहात, म्हणून आज एकाच गेमवर जरा खोलात जाऊन बोलणार आहे. 'मॅजेस्टी : द फँटसी किंगडम सिम'. सायबरलोअर स्टुडिओजने केलेला, २००० साली आलेला. स्ट्रॅटेजी गेम म्हटला की माउसने चौकट ओढून शिपाई निवडायचे आणि क्लिक करून लढाईत ढकलायचे, ही रीत तोवर पक्की झाली होती. मॅजेस्टीत तुम्ही आर्डानिया या काल्पनिक राज्याचे राजे असता, आणि तुमचा एकही वीर तुमच्या क्लिकने हलत नाही.

गिल्ड, म्हणजे एकेका जातीच्या वीरांचं ठाणं, बांधायचं, सोनं मोजून वीर भरती करायचा, इथवर तुमची सत्ता. पुढे तो आपल्या मर्जीचा मालक. राक्षसांचा अड्डा मोडायचा असेल तर त्यावर इनामाचा झेंडा लावायचा आणि वाट बघायची. चोरांच्या गिल्डातले थोडक्या सोन्यावरही धावत येतात. रेंजर, म्हणजे रानात फिरणारा टेहळ्या, झेंडा नसला तरी रानोमाळ भटकून नकाशा उघडत राहतो. हे स्वभाव ओळखून राज्य चालवावं लागतं आणि माझ्या मते या गेमची सगळी श्रीमंती तिथेच आहे.

त्यातला पैशाचा फेरा नीट बघा. इनामाचं सोनं वीराच्या खिशात जातं. तो बाजारात जाऊन जखमा भरण्याचं औषध घेतो, लोहाराकडून तलवार सुधारून घेतो. त्याच दुकानांत कर साचतो. मग वसुलीदार घरोघरी, दुकानोदुकानी पायी फिरतो आणि गोळा झालेलं सोनं राजवाड्यात आणतो. वाटेत त्याला कुणी गाठून मारलं तर ती वसुली गेलीच. खजिन्याचा आकडा वाढायचा तर एका निःशस्त्र माणसाने रस्ता सुखरूप पार करायला हवा. अर्थव्यवस्था डोळ्यांसमोर चालताना दाखवणारे असे गेम मी फार कमी पाहिले आहेत.

निवडींनाही वजन आहे. अग्रेला आणि डॉरोस या देवतांची देवळं एकत्र नांदतात, पण ती बांधलीत की क्रिप्टा आणि फर्व्हस यांची बांधता येत नाहीत. क्रोल्मला तर दुसरं कुठलंच दैवत शेजारी चालत नाही. एल्फ नावाची परीकथेतली जमात वसवली तर बाजाराचं उत्पन्न वाढतं, पण पाठोपाठ जुगाराचा अड्डाही उभा राहतो, न विचारता. नगर वाढलं की गटारांची तोंडं उघडतात आणि त्यांतून उंदीर थेट वस्तीत येतात. ते भोक कायमचं बुजवता येत नाही.

आता उणिवा. नवशिका विझार्ड, म्हणजे जादूगार, घ्या. अंगात जोर नाही, दोन फटक्यांत आडवा होतो, तरीही कधीकधी मोठ्या इनामाच्या मागे एकटाच निघतो. त्याला थांबवायला तुमच्याकडे काहीच नसतं. कधी राजवाड्यावर हल्ला चालू असतो आणि अनुभवी योद्धा शांतपणे बाजाराकडे निघालेला असतो. तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे, पण असा प्रसंग तिसऱ्यांदा आला की त्यात स्वभाव दिसत नाही, प्रोग्रामची मर्यादा दिसते.

दुसरी उणीव मला जास्त खुपते. याला राज्य म्हणतात, पण रयत कुठे आहे? धान्य नाही, लाकूड नाही, साधन एकच, सोनं. शेतकरी म्हणून जे दिसतात ते इमारती बांधतात, डागडुजी करतात, बस्स. त्यांना भूक नाही, गाऱ्हाणं नाही. कर घेतला म्हणून कुणी चिडत नाही. इतक्या बारकाईने वीरांचे स्वभाव घडवणाऱ्यांनी प्रजेला स्वभावच दिला नाही, हे मला आजही पटत नाही. आणि प्रत्येक मोहीम शून्यापासून सुरू होते. तासभर जपलेला, नावानिशी ओळखीचा झालेला वीर मोहीम संपली की गेला.

ही शेवटची तक्रार २००९ च्या 'मॅजेस्टी २' ने मनावर घेतली. तिथे मोहिमेतला एखादा वीर सरदार म्हणून राखून पुढे बोलावता येतो, वीरांच्या टोळ्या बांधता येतात, रक्षणासाठी वेगळा झेंडा आहे. हे सगळं हवंच होतं. पण मोहिमा एका ठरलेल्या वाटेने जातात आणि राक्षसांची चढाई इतकी कडक की वीरांकडे निवांत बघत बसायला सवड मिळत नाही. म्हणून हात घालायचा तर पहिल्या भागात घाला, २०१२ ची 'गोल्ड एचडी' आवृत्ती आजच्या मोठ्या स्क्रीनसाठीच काढलेली आहे. सुरुवातीला रेंजरचं गिल्ड बांधा, एकही झेंडा लावू नका, आणि रेंजर कुठे कुठे जातात ते नुसतं बघा.