गोळीतला उरलेला भाग

(दृश्य: तळहातावर ड जीवनसत्त्वाची एक गोळी)

या गोळीत ड३ जीवनसत्त्व आहे १००० आययू (जीवनसत्त्व मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक), म्हणजे फक्त २५ मायक्रोग्रॅम. एक ग्रॅम जीवनसत्त्वात अशा ४० हजार गोळ्या होतील. एवढासा कण चिमटीत येत नाही. म्हणून गोळीत भर घालावी लागते, आणि गोळीचं जवळजवळ सगळं वजन त्या भरीचंच असतं.

(दृश्य: वेष्टनावरची बारीक अक्षरं)

मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज लाकडाच्या लगद्यापासून काढतात. ऐकून दचकायला होतं, पण भाजीतल्या चोथ्यातही सेल्युलोजच असतं. मॅग्नेशियम स्टिअरेट घालतात ते भुकटी यंत्राला चिकटू नये म्हणून. समाजमाध्यमांवर त्याची फार भीती घातली जाते. मला ती अनाठायी वाटते. ते ज्यापासून बनतं ते स्टिअरिक आम्ल तर आपल्या तुपातही असतं.

तरीही घटकांची ही यादी वाचायलाच हवी. आठवड्याला घ्यायच्या ६० हजार आययूच्या पुडीत जीवनसत्त्व असतं दीड मिलिग्रॅम. बाकी पुष्कळदा साखर. मऊ कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनवलेलं. शाकाहारी माणसाला हे आधी कळायला नको का?

आणि 'निष्क्रिय' म्हटलेला घटक नेहमीच निष्क्रिय राहतो असंही नाही.

(दृश्य: जुनी कॅप्सूल, जुना नकाशा)

१९६८, ऑस्ट्रेलिया. अपस्माराचे, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचे, रुग्ण फेनिटॉइन हे नेहमीचंच औषध घेत होते, नेहमीच्याच मात्रेत. तरी त्यांच्यात विषबाधेची लक्षणं दिसू लागली. औषध बदललं नव्हतं. कॅप्सूलमधली भर बदलली होती: कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, आलं होतं. आधीच्या भरीमुळे औषध पुरतं शोषलं जात नव्हतं. आता जास्त शोषलं जाऊ लागलं आणि रक्तातलं प्रमाण धोक्याच्या पातळीला गेलं.

ते औषध होतं, जीवनसत्त्व नव्हे. जीवनसत्त्वाच्या गोळीत इतका फरक सहसा पडत नाही. गोळीतलं लॅक्टोजही थोडंच असतं. एक कप दुधात दहा-बारा ग्रॅम, गोळीत ग्रॅमचा लहानसा अंश. पण ज्याला दुधाची, सोयाची किंवा एखाद्या रंगाची खरोखर ॲलर्जी आहे, त्याने थोडक्यावर विसंबू नये. केमिस्टने "तेच आहे, कंपनी वेगळी" म्हणत दुसरी पट्टी पुढे केली, तर दोन्ही वेष्टनं शेजारी ठेवून घटक ताडून पाहा. नव्या गोळीने पोट बिघडलं किंवा अंगावर पुरळ उठलं, तर डॉक्टरांकडे जाताना जुनी आणि नवी, दोन्ही वेष्टनं बरोबर न्या.