साठ टक्के दिल्लीचे

[दृश्य: माण तालुका. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा निधीचा फलक.]

निवेदन: सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, माणमध्ये जेमतेम ५००. पण पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने केंद्राकडून येणारे पैसे दोन्हीकडच्या ग्रामपंचायतींनी एकाच मापाने खर्चायचे. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ६० टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच, आणि ४० टक्के अबंधित. बंधितातले निम्मे स्वच्छतेला. उरलेले निम्मे पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि सांडपाण्याच्या पुनर्वापराला. खात्यात १० लाख आले, तर गावाच्या मर्जीचे ४ लाख. तेही पगाराला चालत नाहीत.

गंमत अशी की, राज्यघटनेत स्थानिक स्वराज्य हा विषय राज्यसूचीतला आहे, पाचव्या क्रमांकाचा. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, अकराव्या अनुसूचीत २९ विषय आले. पण त्यांतले किती पंचायतींना द्यायचे, हे राज्याच्या विधिमंडळावर सोडले. म्हणजे अट दिल्लीची, अधिकार मुंबईचे, आणि गटार तुंबले की लोक जाब विचारणार सरपंचाला.

[दृश्य: कुंडल, सांगली जिल्हा (पूर्वी सातारा). जुने फोटो.]

निवेदन: हा मुलूख गावाच्या कारभाराला नवखा नाही. १९४३ ते ४६ या काळात नाना पाटलांच्या, इंग्रजांना समांतर चाललेल्या प्रतिसरकारात भांडणतंट्यांचे निकाल गावातच लागत. पुढे राज्यात १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा मुख्यमंत्री होते याच भागातल्या देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण.

[दृश्य: ग्रामसभा. नंतर संगणकाचा पडदा.]

निवेदन: आता पैसा अडतो कुठे, ते बघू. पहिली जागा आराखडा. ग्रामसभेत कामे ठरतात आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी असेल ती. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. बरेच आराखडे अशा सभेत दहा-बारा माणसांसमोर मंजूर होतात, हे उघड गुपित आहे. जे काम आराखड्यात नाही त्याचे बिल निघत नाही. उन्हाळ्यात बोअरची मोटार जळली, तरी उत्तर तेच.

दुसरी जागा कामाच्या खर्चाचे अंदाजपत्रक. ते करणारा शाखा अभियंता एक, त्याच्याकडे गावे अनेक. तिसरी जागा डीएससी, म्हणजे डिजिटल सही. पैसे सरपंच आणि ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या सहीने सुटतात. ग्रामसेवकाची बदली झाली किंवा सहीची मुदत संपली, की नवी नोंदणी होईपर्यंत ठेकेदार फेऱ्या मारतो.

एक सवलत मात्र फार थोड्या ठिकाणी वापरली जाते. बंधित निधीतल्या एका बाजूची गरज पुरी भागली असेल, तर तो पैसा दुसऱ्या बाजूला वळवता येतो. त्यासाठी ग्रामसभेने तसे प्रमाणित करायचे आणि वरच्या कार्यालयाने त्याला दुजोरा द्यायचा. सांगलीतल्या दुष्काळी जतसारख्या तालुक्यात शौचालयांची कामे झालेल्या गावाला पाण्यासाठी हा रस्ता मोकळा आहे. ठराव मोघम लिहिला तर परत येतो. कोणते काम झाले, काय शिल्लक नाही, हे त्यात स्पष्ट हवे.

[दृश्य: करवसुलीची पावती फाडताना.]

निवेदन: आणि स्वतःचा पैसा? घरपट्टी, पाणीपट्टी. यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून बाकी खर्च पंचायत ठरवते. जळालेली मोटार याच पैशातून बदलते. पण नमुना ८, म्हणजे कराच्या नोंदवहीतली आकारणी दर चार वर्षांनी सुधारायची असते, आणि मतांच्या भीतीने ती पुढे ढकलली जाते. दोन मजली बंगल्याला जुन्या कौलारू घराची पट्टी चालू राहते. दिल्लीच्या अटींविरुद्ध तावातावाने बोलणारे गावपुढारी या नोंदवहीबद्दल सहसा बोलत नाहीत.