कोणाला जगवायचं? सिॲटलच्या सात जणांची गोष्ट

(कृष्णधवल फोटो. टेबलाभोवती बसलेली सात माणसं, सगळे चेहरे अंधारात.)

या फोटोत सात माणसं आहेत आणि एकाचाही चेहरा दिसत नाही, मुद्दामच दिसू दिलेला नाही. 1962 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या लाइफ मासिकात हा फोटो आला होता, सोबत शाना अलेक्झांडर या पत्रकार बाईंचा मोठा लेख. सिॲटल शहरातले हे सात जण म्हणजे एक वकील, एक पाद्री, एक बँकर, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक सर्जन. पगार काही नाही, नाव बाहेर फुटू द्यायचं नाही. काम एकच, किडनी निकामी झालेल्या पेशंटच्या फाइलींमधून कोणाला डायलिसिसचं, म्हणजे किडनीऐवजी रक्त साफ करणारं, मशीन द्यायचं ते ठरवायचं. आणि ज्याची फाइल बाजूला पडेल त्याच्या हातात फार दिवस उरणार नाहीत, हे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला पक्कं माहीत होतं.

चांगलं काय, वाईट काय, न्याय कशाला म्हणायचं, यावर अडीच हजार वर्षं लोक लिहितायत. त्या सगळ्या थिअऱ्या एकेक करून सांगण्यापेक्षा मला या खोलीत जायचंय, कारण इथे त्या थिअऱ्या खऱ्या माणसांच्या तोंडून बाहेर पडल्या, आणि त्या माणसांना बहुतेक कळलंही नसेल की आपण बेंथम या तत्त्वज्ञाचं बोलतोय की कांट या तत्त्वज्ञाचं.

(हाताचा क्लोजअप. मनगटाजवळ त्वचेबाहेर आलेली छोटी पारदर्शक नळी.)

आधी ही नळी बघा, सगळा पेच हिच्यापासून सुरू होतो. कृत्रिम किडनी तशी जुनी, विलेम कोल्फ या डॉक्टरनं नेदरलँड्समध्ये जर्मनांच्या ताब्यात असलेल्या गावात 1943 साली ती बनवली. पण प्रत्येक वेळी रक्त मशीनकडे न्यायला नवी धमनी, नवी शीर कापायला लागायची, आणि कापायला जागा तरी किती असणार शरीरात. त्यामुळे ज्याची किडनी काही दिवसांत पुन्हा सुरू होईल अशाच पेशंटला त्याचा उपयोग. ज्याची किडनी कायमची गेली त्याच्यासाठी काही नव्हतं. 1960 मध्ये सिॲटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची नळी वापरली, नॉनस्टिक भांड्यांना लावतात तेच टेफ्लॉन, त्याला रक्त सहजी चिकटत नाही. एक टोक धमनीत, एक शिरेत, आणि मशीन काढलं की दोन्ही टोकं बाहेरच्या बाहेर एकमेकांना जोडून टाकायची म्हणजे रक्त त्यातून फिरत राहतं. पुढच्या वेळी नवीन काही कापायला नको. या नळीवरचा, म्हणजे शंटवरचा, पहिला पेशंट नंतर 11 वर्षं जगला.

म्हणजे काल ज्याला इलाज नव्हता त्याला आज होता, फक्त सगळ्यांना पुरेल इतका नव्हता. मशीन मोजकी, आणि एकदा एखाद्याला घेतलं की तो जिवंत असेपर्यंत आठवड्यातून दर ठरल्या दिवशी ती जागा त्याचीच. त्यामुळे "याला घ्या" म्हटलं की त्याच वाक्यात "त्याला नको" आलंच.

डॉक्टरांनी आपल्यापुरती चाळणी लावली, साधारण 45 च्या पुढचे नकोत, लहान मुलं नकोत. त्यातून जे उरतील त्यांच्या फाइली या सात जणांपुढे. आणि त्यांना लेखी नियम काही दिलेला नव्हता. मग त्यांनी काय काय बघितलं? वय, लग्न झालंय का, मुलं किती, कमाई किती, शिल्लक किती, शिक्षण, नोकरी, स्वभाव स्थिर आहे का, आणि चर्चला जातो का.

लाइफच्या लेखात त्यांच्या चर्चेतला एक भाग आहे, तो वाचल्यावर मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. मुद्दा असा निघाला की माणूस गेला तर मागे राहिलेल्या बायकोचं पुन्हा लग्न होण्याची शक्यता किती, तर तीन मुलं असलेल्या बाईला नवरा मिळणं त्यातल्या त्यात सोपं आणि सहा मुलं असलेल्या तरुण विधवेला अवघड. आणि ज्यानं आयुष्यभर काटकसर करून घरच्यांसाठी पैसे साठवले त्याच्या घरचे उघड्यावर पडणार नाहीत, म्हणजे त्याला मशीन नाकारणं सोपं, मग जबाबदारीनं वागल्याची ही शिक्षाच झाली की. हे बोलणारी माणसं दुष्ट नव्हती. मला तर वाटतं खूप मनापासून, जीव तोडून विचार करत होती, आणि म्हणूनच ते इतकं अंगावर येतं.

(जुन्या पुस्तकाची पानं उलटतायत.)

आता यांचा विचार कुठून येतो ते बघू. जेरेमी बेंथम, इंग्लंडचा, 1789 मध्ये त्याचं मुख्य पुस्तक आलं, आणि त्याचं म्हणणं थोडक्यात असं की जे केल्यानं एकंदरीत सुख जास्त होईल आणि दुःख कमी, ते बरोबर. परिणाम बघा. या हिशोबानं सहा मुलांच्या बापाला वाचवणं म्हणजे सात जणांचं दुःख टाळणं, आणि एकट्या माणसाला वाचवणं म्हणजे एकाचंच. गणित चुकीचं आहे असं पटकन म्हणता येत नाही ना? पण बेंथमच्याच नावावर जॉन स्टुअर्ट मिल या त्याच्या अनुयायानं एक वाक्य नोंदवलंय, प्रत्येक जण एकच धरायचा, एकापेक्षा जास्त कोणीच नाही. म्हणजे राजाचं दुःख आणि भिकाऱ्याचं दुःख एकाच मापानं. चर्चला जाणाऱ्याला अर्धा मार्क जास्त देणं बेंथमलाही चाललं नसतं, तो तर हिशोबातच नसलेला रकाना आहे. कमिटीनं हिशोब करायला घेतला आणि हळूहळू त्यात स्वतःच्या आवडीनिवडी मिसळल्या, कधी मिसळल्या ते त्यांचं त्यांना कळलं नसणार.

कांटचं 1785 चं पुस्तक घ्या. तो म्हणतो जगात प्रत्येक गोष्टीला एकतर किंमत असते नाहीतर प्रतिष्ठा असते. ज्याला किंमत आहे त्याच्या जागी त्याच किमतीचं दुसरं काही ठेवता येतं, ज्याला प्रतिष्ठा आहे त्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही, आणि माणूस या दुसऱ्या खान्यातला. हे ऐकलं की त्या फाइलींमधला "शिल्लक किती" हा प्रश्न एकदम बोचायला लागतो. पण मग कांटला त्या खोलीत बसवलं असतं तर त्यानं कोणती फाइल उचलली असती? माणसाला वस्तूसारखं वापरू नका हे त्यानं नक्की सांगितलं असतं, पण पाच फाइली आणि एक जागा असेल तर पुढे काय, याचं उत्तर त्याच्याकडून सरळ निघत नाही.

या कोंडीतून एक वाट निघते, चिठ्ठ्या टाका. ऐकायला निर्दयी वाटतं, आणि तत्त्वज्ञांमध्ये यावर चांगलीच जुंपली. निकोलस रेशर यांनी 1969 मध्ये लिहिलं की इलाज कितपत लागू पडेल, किती वर्षं जगेल, घरची जबाबदारी, समाजाला झालेला आणि होऊ शकणारा उपयोग, हे सगळं बघायलाच हवं, आणि शेवटी जे साधारण सारखे उरतील त्यांच्यात चिठ्ठी. पुढच्याच वर्षी जेम्स चिल्ड्रेस यांनी उलट बाजू मांडली, डॉक्टरी कारण सोडलं तर बाकी काही बघूच नका, लॉटरी काढा किंवा जो आधी आला तो आधी घ्या. नाकारलेल्या माणसाला "तुझा नंबर लागला नाही" हे ऐकायला लागणं आणि "तू कमी उपयोगाचा आहेस" हे ऐकायला लागणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी चिल्ड्रेस यांच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही.

आता इथे कोणीतरी ट्रॉलीचं उदाहरण काढणारच, सुटलेली ट्रॉली, समोरच्या रुळावर पाच जण, दुसऱ्या रुळावर एक, वळवायची की नाही? ते उदाहरण फिलिपा फूट या तत्त्वज्ञ बाईंनी 1967 मध्ये दिलं आणि ते जगभर झालं, पण त्याच निबंधात त्यांनी औषधाचंही उदाहरण दिलंय ते फार कोणी सांगत नाही. औषध थोडंच आहे, एकाला वाचवायला सगळंच्या सगळं लागणार, किंवा पाच जणांना पाचवा-पाचवा हिस्सा पुरणार. बहुतेकांना वाटतं पाच जणांना द्यावं. मग त्या विचारतात, एका माणसाला मारून त्याचे अवयव गरज असलेल्यांना बसवले तर? तिथे आपण ताडकन नाही म्हणतो, इथेही एकाच्या बदल्यात अनेक जण वाचत असूनसुद्धा. 1977 मध्ये जॉन टॉरेक तर असंही म्हणून गेले की पाच विरुद्ध एक असेल तरी नाणं उडवायला हरकत नाही, कारण पाच जणांचं मरण एकत्र करून भोगणारा असा कोणी नसतोच, प्रत्येक जण आपलं एकच मरण मरतो. मला ते पूर्ण पटत नाही, पाच म्हणजे पाच, पण ते वाक्य डोक्यातून जातही नाही.

(रिकामं टेबल. पाच कोऱ्या फाइली.)

ही स्क्रिप्ट लिहायच्या आधी मी एक गोष्ट करून बघितली. पाच फाइली मनानंच तयार केल्या, माणसं काल्पनिक, वय, काम, घरची माहिती एवढंच, आणि एक निवडायची. माझी निवड दोन मिनिटांत झाली, दोन लहान मुली असलेली शिक्षिका. कारणं लिहायला बसलो तर पाऊण तास लागला, आणि प्रत्येक कारण आधीच झालेल्या निवडीला आधार देण्यासाठी शोधलेलं. जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञानं 2001 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, आपला नैतिक निकाल बहुतेक वेळा आतून झटकन येतो आणि तर्क नंतर वकिलासारखा त्याची बाजू लढवतो. मी यादीतला बेवडा माणूस तर वाचलाच नव्हता नीट. त्याची फाइल परत उघडली तेव्हा लक्षात आलं की मीच त्याला बेवडा केलं होतं, नाकारायला सोपं जावं म्हणून.

पण म्हणून ती आतली ओढ फेकून द्यायची का? कॅरल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1982 मध्ये मुद्दा काढला होता की नीतीचा विचार म्हणजे फक्त नियम आणि हक्क असं धरलं की कोण कोणावर अवलंबून आहे, कोणाला कोण सांभाळतंय, हे ऐकूच येत नाही. सहा मुलांची काळजी करणारा तो कमिटीतला माणूस त्या अर्थानं चुकीचा प्रश्न विचारत नव्हता. त्या प्रश्नावरून कोणी मरावं हे ठरायला लागलं, तिथे गाडी घसरली.

1968 मध्ये एका मानसोपचारतज्ज्ञानं आणि एका कायद्याच्या प्राध्यापकानं मिळून या कमिटीवर लिहिलं, की ही माणसं आपल्याच मध्यमवर्गीय मापानं लोकांना मोजतायत, आणि किडनी खराब असलेल्या हेन्री डेव्हिड थोरोसाठी हा प्रदेश काही खरा नाही. थोरो म्हणजे लग्न न केलेला, जंगलात झोपडी बांधून राहिलेला, कर भरायला नकार देऊन तुरुंगात गेलेला माणूस. त्याची फाइल त्या टेबलावर आली असती तर प्रत्येक रकान्यात तो नापास.

(अमेरिकन काँग्रेसची इमारत.)

आणि या सगळ्या वादात एक प्रश्न मात्र त्या खोलीत सुटण्यासारखा नव्हताच, मशीन इतकी कमी का आहेत? सात जणांना ती संख्या पाऊस-पाण्यासारखी दिलेली मिळाली होती, त्यांनी तिच्या आत बसून न्याय शोधला. खरं तर मशीन किती घ्यायची हासुद्धा कोणीतरी घेतलेला निर्णयच होता, फक्त तिथे कोणाची फाइल समोर नसल्यामुळे तो नैतिक वाटत नव्हता. नोव्हेंबर 1971 मध्ये एका पेशंटनं अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीसमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, डायलिसिस लावून घेतलं. ऑक्टोबर 1972 मध्ये कायदा झाला आणि किडनी निकामी झालेल्या जवळपास सगळ्यांचा खर्च सरकारनं उचलला. डायलिसिससाठी माणसं निवडणाऱ्या कमिट्यांची गरजच संपली. तेव्हा काही हजार पेशंट होते, आज त्या एका देशात पाच लाखांच्या वर लोक डायलिसिसवर आहेत.

डायलिसिसचं असं झालं, पण किडनी बदलायची म्हटलं तर तुटवडा आजही आहे, कारण मशीन कारखान्यात बनतं, किडनी नाही बनत. तिथे आता सात माणसांच्या जागी कॉम्प्युटर बसलाय. अमेरिकेत डिसेंबर 2014 पासून सगळ्यात चांगल्या समजल्या जाणाऱ्या 20 टक्के किडन्या, ज्यांचं पुढचं आयुष्य जास्त असेल असा अंदाज आहे त्यांना आधी दाखवल्या जातात, आणि तो अंदाज चार गोष्टींवरून काढतात. डायलिसिसवर किती वर्षं काढली, डायबिटीस आहे का, आधी कुठला अवयव बसवलाय का, आणि वय. चर्च गेलं, बँकेतली शिल्लक गेली, बायकोच्या दुसऱ्या लग्नाचा अंदाज गेला.

वय अजून आहे.