पहिला संगणक घरी जोडताना: कोणत्या भागाला कोणती जोड

नमस्कार. संगणक घरी जोडायचं ठरलं की पहिली यादी बहुतेकांची एकाच पद्धतीने तयार होते. आधी प्रोसेसर ठरतो, मग त्यावर बसणारा स्वस्तातला मदरबोर्ड, मग उरलेल्या रकमेत येईल ते ग्राफिक्स कार्ड. शेवटी हजार-दीड हजार रुपये हातात राहतात, त्यात कॅबिनेट आणि एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. यातला एकेक भाग सुटा पाहिला तर निवड वाईट वाटत नाही. अडचण अशी आहे की एका भागाची ताकद शेजारच्या भागामुळे अर्ध्यावर येऊ शकते, आणि दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही. त्यामुळे आज आपण भागांच्या जोड्या पाहणार आहोत.

एक जोडी जरा जवळून बघू. रायझन ५ ५५०० हा स्वस्त, सहा कोअरचा प्रोसेसर. आरएक्स ६५०० एक्सटी हे २०२२ साली आलेलं स्वस्त ग्राफिक्स कार्ड. कागदावर दोन्ही बजेटमध्ये बसतात. पण या कार्डाचा कनेक्टर पूर्ण लांबीचा दिसत असला तरी त्यातल्या फक्त चार लेन (माहिती जाण्याच्या वाटा) जोडलेल्या असतात, सोळा नव्हे. पीसीआय एक्स्प्रेस म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणारी व्यवस्था; तिच्या चौथ्या पिढीत चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी माहिती जाते, तेवढ्यात भागतं. रायझन ५५०० मात्र पीसीआय एक्स्प्रेसची तिसरी पिढीच देतो. मदरबोर्ड बी५५० घेतला तरी ग्राफिक्सच्या स्लॉटला तिसरीच पिढी मिळते, कारण त्या लेन प्रोसेसरमधून येतात. म्हणजे वाट ४ जीबीवर आली. त्यात कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी. आजचा एखादा खेळ ती भरून टाकतो, उरलेली माहिती संगणकाच्या रॅममधून याच अरुंद वाटेने ये-जा करू लागते, आणि चित्र अडखळतं. थोडे पैसे जास्त घालून रायझन ५ ५६०० घेतला तर चौथी पिढी मिळते, फक्त जोडीला बी५५० बोर्ड हवा. ए५२० बोर्डावर पुन्हा तिसरीच. किंवा कार्ड बदलून आठ लेनचं, ८ जीबीचं आरएक्स ६६०० घेतलं तर तिसऱ्या पिढीवरही फारसं अडत नाही. माझं मत विचाराल तर दुसरा बदल जास्त मोलाचा.

पण त्याआधीचा प्रश्न असा, की ग्राफिक्स कार्ड लागणार आहे का? अभ्यास, प्रोग्रामिंग, टॅली, ऑफिसचं काम, ऑनलाइन तासिका, व्हिडिओ पाहणं, फोटोंची साधी कामं यांना वेगळं कार्ड लागत नाही. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरतं. मात्र नावातलं शेपूट नीट वाचा. इंटेलच्या नावाअखेरीस एफ असेल, जसं १२४००एफ, तर आत ग्राफिक्स नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) उलटा नियम आहे: शेवटच्या अक्षरांत जी असेल तरच ग्राफिक्स आहे, जसं ५६००जी. एएम५ वरच्या रायझन ७००० मालिकेत साधं ग्राफिक्स बहुतेक सगळ्यांत असतं, एफवाले सोडून. बोर्डाच्या मागे एचडीएमआयचं भोक आहे म्हणून चित्र येईलच असं धरून चालू नका. एफवाला प्रोसेसर बसवला तर ते भोक मुकं राहतं.

ज्यांना खेळ खेळायचे आहेत पण आज कार्डाचे पैसे नाहीत, त्यांनी आतलं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन वर्षभराने कार्ड टाकावं. हा रस्ता चांगला आहे, पण त्यात रॅमची निवड फार महत्त्वाची ठरते. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते आणि दोन पट्ट्या वेगवेगळ्या चॅनेलवर (रॅम ते प्रोसेसर अशा स्वतंत्र वाटांवर) लावल्या की ५१.२. त्यामुळे ५६००जीसारख्या प्रोसेसरवर १६ जीबीची एकच पट्टी लावण्यापेक्षा ८-८ च्या दोन लावल्या तर खेळात लगेच फरक दिसतो. चार स्लॉटच्या बोर्डवर या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या अशा शेजारीशेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात आणि दोन घेण्याचा फायदा जातो. शिवाय ३२०० ची रॅम आपोआप ३२०० ने चालेलच असं नाही. अनेकदा बोर्ड ती २१३३ किंवा २६६६ वर सुरू करतो. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्राममध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमचा जाहीर वेग लागू करणारी सेटिंग) चालू करावं लागतं. काही एएमडी बोर्डांवर तेच डीओसीपी या नावाने दिसतं आणि डीडीआर५ वर एक्स्पो नावाने. हे न केल्यामुळे वर्षानुवर्षं कमी वेगाने चालणारे संगणक भरपूर आहेत.

रॅमच्या भावाबद्दल बोलायलाच हवं. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे आणि त्यामागोमाग एसएसडीचे भाव झपाट्याने चढले, कारण मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्यांचं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरकडे वळलं. म्हणून मी आज रुपयांचे आकडे देत नाही. दोन महिन्यांत ते खोटे ठरतील. पण एक मार्ग उघडा आहे. सेकंडहँड घ्यायचंच असेल तर रॅम हा त्यातल्या त्यात सुरक्षित भाग आहे. तिच्यात फिरणारं काही नाही, झिजणारं जवळजवळ काही नाही. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा, चार फेऱ्या होऊ द्या, एकही चूक दिसली तर परत करा. विकणाऱ्याशी परतीचं बोलणं पैसे देण्याआधी व्हायला हवं.

सेकंडहँड ग्राफिक्स कार्डाबाबत मात्र सावध. आरएक्स ५८० म्हणून विकली जाणारी बरीच स्वस्त कार्डं २०४८एसपी प्रकारची असतात. मूळ ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग) असतात, यात २०४८, म्हणजे ताकद ५७० ची. त्याहून वाईट म्हणजे जुन्या कार्डाचं स्वतःचं बायोस बदलून नव्या नावाने विकलेली कार्डं. पैसे देण्याआधी समोर जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम चालवायला सांगा. अशी फसवणूक त्याला बहुतेक वेळा ओळखता येते.

आणि तो नेहमीचा स्वस्त संच: 'आय७, १६ जीबी, नवीन बोर्डसह'. बोर्ड नवीन, प्रोसेसर मात्र २०१२-१३ सालचा, तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचा, कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला. लिनक्सवर अभ्यासासाठी तो अजूनही चालेल, त्यात कमीपणा काही नाही. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा आणि एएमडीचा असेल तर रायझन २००० पासून पुढचा. आडवाटेने बसवता येतं, पण पुढचे अपडेट बिनबोभाट मिळतील याची हमी नाही. विंडोजच हवी असेल तर हा संच स्वस्त नाही.

मदरबोर्डाकडे येऊ. एच६१० किंवा ए५२० सारखा साधा बोर्ड सहा कोअरच्या प्रोसेसरला पुरतो. त्यात रॅमचे स्लॉट बहुधा दोनच असतात, त्यामुळे ४-४ च्या पट्ट्या लावलेल्या असतील तर पुढे वाढवताना दोन्ही काढून ठेवाव्या लागतील. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे बोर्ड डीडीआर४ चे वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे मिळतात. नाव जवळजवळ सारखं, शेवटी एखादं डी४ एवढाच फरक. पट्टीतली खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट मोडेल. जुना बी४५० बोर्ड आणि रायझन ५००० अशी जोडी असेल तर बायोस अद्ययावत आहे का, हे दुकानातच विचारा. नसेल तर सगळं बरोबर जोडूनही पडदा काळा राहतो, आणि बायोस बदलायला जुना प्रोसेसर शोधत फिरावं लागतं. काही बोर्डांवर प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायोस भरायची सोय असते. ती असेल तर हा प्रश्न सुटतो.

एसएसडीत फार वेळ घालवू नका. ५०० जीबीची साधी एनव्हीएमई (पीसीआय एक्स्प्रेसवर चालणारी एसएसडी) घ्या, पहिल्या संगणकात तिसरी की चौथी पिढी याने दैनंदिन कामात जाणवेल असा फरक पडत नाही. एवढंच पाहा, की एम.२ या चपट्या पट्टीच्या आकारात जुन्या, हळू साटा जोडणीची एसएसडीही मिळते आणि अनेक बोर्डांचा एम.२ स्लॉट फक्त एनव्हीएमई ओळखतो.

आता एसएमपीएस. बजेट कमी पडलं की सगळ्यात आधी इथे कात्री लागते, आणि इथेच ती लावू नये. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं. त्या आकड्याकडे पाहू नका, बाजूच्या लेबलवर +१२ व्होल्टचा रकाना शोधा. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टवरून घेतात. आता हिशोब मांडा: रायझन ५ ५६०० पूर्ण ताणात ७६ वॅटपर्यंत, आरएक्स ६६०० चे १३२, झाले २०८. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ४०-५० धरा. साधारण २५० वॅट. तो ४५० वाला डबा इथेच हरला. याचं लक्षण म्हणजे संगणक डेस्कटॉपवर दिवसभर नीट चालतो आणि खेळ सुरू झाला की अचानक रीस्टार्ट होतो. लोक विंडोज पुन्हा टाकतात, रॅम बदलतात, दोष वेगळ्याच जागी असतो.

या जोडीला नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा ८० प्लस ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस पुरतो, पुढे मोठं कार्ड टाकायचं असेल तर ५५० घ्या. ८० प्लसचा शिक्का फक्त वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. जास्त व्होल्टेज, जास्त भार, शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण आहे का, ते माहितीपत्रकात वेगळं पाहावं लागतं, आणि वॉरंटी किती वर्षांची हेही. पाच वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी आतला कपॅसिटर सहसा बरा लावते. यूपीएस घेणार असाल तर घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसची क्षमता साधारण ३६० वॅट असते. वरचा संगणक आणि मॉनिटर मिळून तो काठावर येतो, १००० व्हीए घेतलेला बरा.

कॅबिनेटला समोर जाळी हवी, काच नको. पुढे एक किंवा दोन १२० मिलिमीटरचे पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे असते, तिथे बंद काचेच्या कॅबिनेटमध्ये कार्ड वेग कमी करणारच. पुढची धूळजाळी काढून धुता येते का, तेही पाहून घ्या.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा, पुण्याच्या तपकीर गल्लीत करा किंवा ऑनलाइन, बिल जीएसटीचं आणि त्यावर सिरियल नंबर लिहिलेले हवेत. 'बिल नको असेल तर कमी करतो' याचा अर्थ वॉरंटीवरही पाणी सोडायचं. प्रोसेसर डब्यातला घ्या. ट्रेवरच्या सुट्या प्रोसेसरला इंटेलची थेट वॉरंटी ग्राहकाला मिळत नाही.

जोडणी करताना सगळं कॅबिनेटमध्ये टाकून मग चालू करू नका. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी, २४ पिनची केबल आणि वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ४+४ पिनची केबल लावा. ही ४+४ राहून जाणं ही नव्या माणसाची सगळ्यात नेहमीची चूक: पंखे फिरतात, चित्र येत नाही. ग्राफिक्सची ६+२ केबल दिसायला तशीच असते, ती इथे लागत नाही. आतलं ग्राफिक्स नसेल तर कार्डही लावावं लागेल. मग पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. चित्र आलं, बायोसमध्ये रॅम दिसली, की बंद करा आणि आत बसवा. आत बसवताना बोर्डाच्या भोकाखाली नसलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा छोटा खांब) काढून टाका, नाहीतर तो बोर्डाच्या मागच्या बाजूला टेकून शॉर्ट करतो. सोबत आलेल्या कूलरला उष्णता वाहून नेणारी पेस्ट आधीच लावलेली असते, वरून आणखी लावू नका. एएम५ आणि डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं पडदा काळाच राहतो. बोर्ड रॅमची जुळणी करत असतो, घाईने वीज तोडू नका.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे: कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, एसएमपीएस खराब आहे का? बहुधा नाही. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट (नॉइज) गाळणारे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या धातूला जोडलेले असतात. त्यातून जाणारा किंचित प्रवाह अर्थिंगमधून निघून जायचा असतो. घरात अर्थिंग नसेल किंवा टू-पिन अडॅप्टर लावला असेल तर कॅबिनेट साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा असतो, पण चालू मॉनिटरची केबल काढता-लावताना तोच पोर्टला मारक ठरू शकतो. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट मीटरने तपासून घ्या: फेज ते अर्थ २३० च्या आसपास हवं, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तसं नसेल तर भागांची खरेदी आठवडाभर पुढे ढकला आणि आधी अर्थिंग करून घ्या.