वीतभर गोधडी

नमस्कार श्रोतेहो. आज शिवणावर बोलायचं आहे. ब्लाउज नाही, फॉल-पिको नाही, उसवलेल्या दप्तराचा बंद तर मुळीच नाही. ज्यावाचून घरात कुणाचंही अडलेलं नाही असं, निव्वळ हौसेचं शिवण. वीतभर गोधडी.

वीतभरच का, ते आधी सांगते. गोधडी शिकायची म्हटलं की बायका थेट सासूबाईंची नऊवारी काढतात. आठ मीटरच्या वर कापड ते! हॉलभर अंथरायचं, दोन संध्याकाळ हौसेने टाके घालायचे, तिसऱ्या दिवशी पाहुणे येणार म्हणून त्याचं बोचकं करून दिवाणात कोंबायचं. ते बाहेर येतं थेट दिवाळीच्या साफसफाईला. तर तसं करू नका. वीतभर लांब, वीतभर रुंद. चहाचं पातेलं टेकवता येईल एवढा चौकोन. एका बैठकीत होतो, आणि बिघडला तरी ओटा पुसायला चालतो.

आता कापड. लिहून घ्यायला नको, मी पुन्हा सांगणारच आहे. जुनं, धुतलेलं, सुती. जुनं, कारण वापरून मऊ झालेल्या कापडातून सुई सुळकन जाते. धुतलेलं, कारण कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि केलेला चौकोन चुरमडून जातो. आणि सुती, कारण पॉलिस्टर सरकतं, शिवाय तापलेल्या भांड्याखाली वितळतं. हाताला ओळखू येत नसेल तर कडेचा एक दोरा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि पेटवा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि बोटात चुरडेल अशी राख राहते. पॉलिस्टरचा कडक मणी होतो.

हे मणी होणारं कापड घरात येतं कुठून, हेही सांगून टाकते. ओटीतून. माझ्या ओटीत आलेला ब्लाउजपीस मी जाऊबाईंना देते, त्या शेजारणीला देतात, आणि मार्गशीर्षात हळदीकुंकवाला तोच हिरवा तुकडा पुन्हा माझ्या पदरात. त्याचा ब्लाउज आजवर कुणी शिवलेला नाही, शिवणारही नाही. त्यापेक्षा मूठभर शेंगदाणे घाला बाई ओटीत, निदान कूट होईल! आणि चांगल्या मऊ सुती साड्या बोहारणीला देऊन प्लास्टिकचा टब घेणाऱ्यांशी तर माझं भांडणच आहे. असो.

तर कापड जुनं, धुतलेलं, सुती. वरखाली दोन चांगले तुकडे, मध्ये दोन-तीन थर कसल्याही सुती चिंध्यांचे. आता पुढचं समजावून सांगण्यापेक्षा मी मामांची गोष्ट सांगते. सगळं त्यातच आहे.

माझे मामा एसटीत मेकॅनिक होते. सगळी नोकरी बसच्या खाली आडवं पडून केली. मामीच्या हाताला मात्र गोधडीची कला. गल्लीतली निम्मी बाळं तिने शिवलेल्या दुपट्यांत वाढली. धाकट्या सुनेला सातवा महिना लागला, मामीने दुपटं शिवायला घेतलं आणि नेमकी न्हाणीघरात घसरली. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर चढलं. दुपटं अर्धवट पडलं.

मामा म्हणाले, "त्यात काय एवढं, मी शिवतो. अख्खं इंजिन उघडून बसवलंय, हे तर कापड."

मामी म्हणाली, "दुपट्याला हात लावायचा नाही. आधी तुकड्यांवर शिका."

झालं. मामांनी स्टीलची पट्टी काढली, गुण्या काढला, शिंप्याकडून खडू आणला आणि वीतभर कापडावर बरोबर एकेक सेंटीमीटरवर रेघा मारल्या. मामीचं अंगुस्तान त्यांच्या बोटात जाईना, म्हणून जुन्या ट्यूबचं रबर कापून त्याची अंगठी केली. रबराने सुई घट्ट धरली जाते, चार-पाच थरांतून सहज ओढता येते. ही युक्ती मी स्वतः अजून वापरते. मग चष्मा नाकावर ओढून टाके सुरू. प्रत्येक टाका फुटपट्टीला लावून बघायचा. झोपाळ्यावरून मामी म्हणाली, "अहो, बाळ टाके मोजणार आहे का?"

इथवर सगळं ठीक होतं. खरी वादावादी पुढे झाली. मामांनी शिवायला सुरुवात केली ती चौकोनाच्या मधोमध. मामी ओरडली, "कडेने! गोधडी कडेने सुरू करायची, फेऱ्या घालत आत यायचं."

मामा म्हणाले, "अगं, सिलेंडर हेडचे बोल्ट आवळताना मधून बाहेर जायचं असतं. नाहीतर हेड वाकतं. कापडाचंही तेच."

आणि श्रोतेहो, मामांचं अगदीच चुकत नव्हतं बरं का. परदेशातल्या रजई शिवणाऱ्या बायकांनाही मधून बाहेर जायलाच शिकवतात, म्हणजे सुरकुत्या कडेला निघून जातात. पण हे तेव्हा मामांना ठाऊक नव्हतं. त्यांच्यापुढे होतं फक्त सिलेंडर हेड. आणि मामीपुढे होत्या तिची आई नि आजी. घरात दोन पक्ष पडले. थोरल्याने बापाची बाजू घेतली, सुनांनी सासूची. जेवताना विषय हाच.

शेवटी मामांनीच तोडगा काढला. चाचणी घ्यायची. मामीची एक विटलेली जांभळी इरकल होती, तिचे सारखे तुकडे कापले. एक चौकोन मधून बाहेर शिवला, दुसरा कडेकडून आत. दुसऱ्याच्या मधोमध हा एवढा फुगा आला! मामांनी तो मामीच्या मांडीवर आणून ठेवला. बोलले काहीच नाहीत, नुसते उभे राहिले.

मामीने तो डाव्या हाताने उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कच्चे टाके कुठायत?"

मामांनी ते घातलेच नव्हते. रेघा मारल्यावर कच्चे टाके कशाला, असा हिशोब. मग मामीने समोर बसवून पुन्हा करून घेतलं. सगळे थर जमिनीवर अंथरायचे, तळव्याने झाडून सपाट करायचे आणि चार-चार बोटांवर उभे-आडवे लांब टाके टाकून सगळं एकमेकांना धरून ठेवायचं. शिवून झाल्यावर ते उसवायचेच असतात, म्हणून दोरा वेगळ्या रंगाचा. मग कडेकडून आत फेऱ्या. या खेपेला फुग्याचा मागमूस नाही, आणि कडा तर अशा सरळ, की मामांनी पट्टी लावली आणि गुपचूप बाजूला ठेवली. मधून बाहेर शिवलेल्या चौकोनाची कड मात्र नागमोडी झाली होती.

मामा म्हणाले, "मग हेडचं काय?"

मामी म्हणाली, "हेड पांघरून झोपणार आहात का?"

पुढे घरभर चौकोन झाले. मिक्सरखाली चौकोन, देवघरातल्या तांब्याखाली चौकोन, टीव्हीच्या रिमोटलाही आपला स्वतंत्र चौकोन. आणि मग मामांना दुपट्याची परवानगी मिळाली. फेऱ्या घालत घालत मध्ये तळहाताएवढी जागा उरली. तिथे चौकोनी तुकडा लावून गोधडीचं पोट भरायचं असतं. मामी म्हणाली, सकाळच्या पोळीचा नखाएवढा तुकडा आणा. मामा म्हणाले, "मुंग्या लागतील." "हळदीचं बोट लावा, नाही लागत. पोट उपाशी ठेवून ती बाळाला ऊब कशी देईल?" पोळी आली, हळद आली, तुकडा ठेवला. एव्हाना प्लास्टर निघालं होतं. शेवटचे टाके आपण घालावेत म्हणून मामीने हात पुढे केला, तर मामांनी सुई देईचना. "माझी फेरी चालू आहे," म्हणाले.

तर श्रोतेहो, गोष्टीतच वेळ संपत आला. पुन्हा सांगते. आधी कच्चे टाके, मग कडेकडून आत. कच्चे टाके चुकवू नका. फुगा येतो तो तिथेच येतो.

हीच कडेकडून आत जाण्याची रीत उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडकडच्या सिद्दी बायकांची. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पुष्कळांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेलं. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. तिच्या चारही कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना फुलं म्हणतात, आणि फुलं नसतील तर कवंदी नागडी मानतात. तुमच्या चौकोनाला अशी चार फुलं लावून बघा, फार गोड दिसतात. त्यातल्या एखाद्या कोपऱ्याला अडकवायला फासही शिवता येतो.

राहिलं काय? दोरा सुती आणि हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता. टाका धावदोऱ्याचा. मशीनवर करणार असाल तर 16 नंबरची सुई लावा आणि टीप मोठी ठेवा, पण माझं ऐकाल तर पहिला चौकोन हातानेच. मशीनचा खडखडाट सुरू झाला की घरातला कुणी जवळ येऊन बसत नाही, आणि अर्धी मजा त्या बसण्यात आहे.

पुढच्या मंगळवारी याच वेळी बटव्याची ओढनाडी कशी घालायची ते बघू. त्यासाठी खणाचा एखादा तुकडा शोधून ठेवा; काठाकडचा असेल तर उत्तम. नमस्कार.