दोन काचा, दोन मोबाइल आणि काकांची ट्रंक

ही ट्रंक आमच्या सावईवेऱ्याच्या काकांची. आत काय आहे तर जत्रेत व्हायच्या नाटकांच्या संहिता, सगळ्या हातानं उतरवलेल्या. हे पान जवळून बघा, ह्या बारीक वेड्यावाकड्या वाटा दिसतात ना त्या कसरीनं खाल्लेल्या, कडेचा पिवळा डाग पावसाळ्यातल्या ओलीचा, आणि ही पेन्सिलची फुली प्रॉम्प्टरची. गोव्यात छापखाना आला १५५६ ला, पणजीत सार्वजनिक वाचनालय आहे १८३२ पासून, पण गावागावातलं हे मराठी असं घराघरातल्या माळ्यावर पडलंय.

मग झेरॉक्सवाल्याकडे का नाही नेलं? हे बघा. वही पूर्ण उघडून काचेवर दाबली की शिलाई अशी सुटते. तिला अर्धीच उघडायची, ९० ते १०० अंश, त्याच्या पुढे नाही.

२००९ मध्ये डॅनियल रीट्झ नावाच्या अमेरिकन माणसानं भंगारातलं सामान आणि दोन साधे कॅमेरे वापरून वही-पुस्तक अर्धंच उघडून पानांचे फोटो घेणारा स्कॅनर बनवला आणि सगळी कृती इंटरनेटवर फुकट देऊन टाकली. आम्ही तिथूनच शिकलो.

हा आमचा मेस्त, म्हणजे सुतार. प्लायवूडचे दोन तुकडे इंग्रजी व्ही सारखे जोडतोय, हा झाला पाळणा, वही ह्याच्यात झोपणार. खाली कपाटाच्या ड्रॉवरचं चॅनल लावलंय, कारण पानं उलटत गेलं की उजवीकडची थप्पी कमी होते, डावीकडची वाढते, मग पाळणा पण तेवढा सरकायला हवा. वरून ह्या दोन काचा, त्याही व्ही आकारातच, पानावर अलगद येऊन बसतात आणि पान सपाट होतं. काच कापली त्या दिवशी शूटिंग झालं नाही, पण कडा घासून घ्या, हाताला लागतात.

काचांच्या दोन बाजूंना दोन मोबाइल बसवले. आता उजेड. पहिल्यांदा आम्ही ट्यूब मोबाइलच्या मागे लावली तर अख्खी ट्यूब पानावर उमटली! मग ती बरोब्बर मधोमध वर टांगली, आता बघा, चमक गायब. डावा मोबाइल उजवं पान टिपतो, उजवा डावं. बटण म्हणजे हे जुने इअरफोन, आवाज वाढवायचं बटण दाबलं की फोटो निघतो, मोबाइलला हात लागत नाही म्हणून हलत पण नाही. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो, १० इंचाचं पान फ्रेमभर बसवलं की इंचाला ४०० ठिपके मिळतात, वाचायला भरपूर झाले.

पुढे स्कॅन टेलर हे फुकटचं सॉफ्टवेअर वाकडी पानं सरळ करतं, कडा छाटतं. छापील मराठी असेल तर टेसरॅक्ट नावाचं दुसरं सॉफ्टवेअर अक्षरंही ओळखतं, हस्ताक्षराला मात्र ते चालत नाही, आणि लेखक जाऊन ६० वर्षं झाली नसतील तर परवानगीशिवाय नेटवर टाकता येत नाही, तेवढं सांभाळा.

काच वर, पान उलट, काच खाली, बटण. काकी एकटी करते हे.

आणि हे काका. स्क्रीनवर त्यांनीच मारलेली पेन्सिलची फुली आहे.