कचरा जन्मतो खरेदीच्या टेबलावर

अध्यक्षमहाराज आणि श्रोतेहो, संस्थेने ‘शून्य कचरा’ करायचे ठरवले की पहिली खरेदी तीन रंगांच्या डब्यांची होते, आणि माझी तक्रार नेमकी तेथूनच सुरू होते.

एका मोठ्या कार्यालयाच्या कचऱ्याची तपासणी आम्ही काही वर्षांपूर्वी केली. दिवसभराचा कचरा ताडपत्रीवर ओतायचा, हातमोजे घालून निवडायचा आणि प्रत्येक ढीग तोलायचा, अशी ही साधी पद्धत आहे. हिरव्या डब्यात निळ्याचा ऐवज सापडणार, हे गृहीतच होते. आम्हाला थबकवले ते लेटरहेडच्या गठ्ठ्यांनी. त्यांचे वेष्टन एकदाही फाटलेले नव्हते. जास्त छापले की दर कमी पडतो, म्हणून पाच वर्षांचा साठा एकदम घेतला गेला होता आणि दुसऱ्याच वर्षी कार्यालयाचा पत्ता बदलला. बचतीची शाबासकी खरेदी विभागाला मिळाली होती, रद्दीचे वजन मात्र सफाई विभागाच्या नावावर चढले. संध्याकाळी फाटकापाशी पाहतो तो तिन्ही रंगांचे डबे एकाच गाडीत रिते होत होते. गाडीवाल्याला विचारले, तर तो म्हणाला, “साहेब, मला गाडी एकच दिली आहे.” आमचा अहवाल चाळीस पानांचा झाला, त्यात या वाक्याइतके नेमके काही नव्हते.

आता ‘शून्य’ म्हणजे किती? शून्य कचऱ्यासाठी काम करणाऱ्या झीरो वेस्ट इंटरनॅशनल अलायन्स या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या निकषानुसार किमान ९० टक्के कचरा जमिनीत गाडण्यापासून, जाळण्यापासून आणि निसर्गात टाकला जाण्यापासून वाचवावा लागतो. नव्वदीला शून्य कसे म्हणायचे, हे सभागृहातील गणिताच्या शिक्षकांनी मला नंतर समजावून सांगावे. जाळून वीज केली की कचरा संपला, असे मानणाऱ्यांची वाट मात्र हा निकष बंद करतो, म्हणून तो मला प्रिय आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कचरा मुळातच कसा रोखावा, हे जे सांगण्यासाठी मला बोलावले ते आता घाईने सांगतो. थ्रीएम या अमेरिकी उत्पादक कंपनीने १९७५ मध्येच प्रदूषण उगमापाशी रोखण्याचा कार्यक्रम हाती घेतला, म्हणजे उत्पादनाची घडण आणि प्रक्रियाच बदलायला सुरुवात केली. डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग येथे वीजकेंद्राच्या धुरातील गंधक काढताना तयार होणारे जिप्सम शेजारचा कारखाना भिंतीचे फलक करण्यासाठी वापरू लागला. एकाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल झाला. आपल्याकडे कारखाना नसला तरी खरेदीच्या मागणीपत्रात ‘वापरानंतर ही वस्तू कोठे जाईल’ असा एक रकाना घालता येतो, वेष्टन परत नेण्याची अट पुरवठादाराला घालता येते, नव्या खुर्चीआधी जुनीची दुरुस्ती विचारता येते आणि विल्हेवाटीचा खर्च ज्याने वस्तू मागवली त्याच्याच विभागावर टाकता येतो.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते कचरा उचलण्याचे कंत्राट. टनावर पैसे घेणाऱ्या कंत्राटदाराला आपला कचरा घटावा असे का वाटावे? त्याचा मोबदला ठरावीक ठेवून, घटलेल्या खर्चात त्याला वाटा द्यावा. अशा कंत्राटाचा मसुदा ज्यांना हवा असेल त्यांनी दाराशी भेटावे; प्रती पाठपोट छापल्या आहेत आणि मोजून वीसच काढल्या आहेत.